मयत विश्वस्त आणि १,१४० रुपयांचं व्याज

(वाचकांचे प्रश्न. या वेळी टपालात प्रौढांच्या वर्गांसाठी अनुदान कसं मिळवायचं, हीच विचारणा जास्त होती. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत.)

प्रश्न : ताई, आमचं महिला मंडळ हर्णै बंदराच्या जवळ आहे. बावीस-तेवीस बायका लिहा-वाचायला शिकायचं म्हणतायत. सगळ्या मासळी विकणाऱ्या, वय तीस ते साठ. लिलावातले आकडे तोंडपाठ, पण बँकेची स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यायची, मोबाईलवर पैसे आले का तेही शेजारच्या पोराला विचारायचं. माझी भाची मराठवाड्यात असते. ती म्हणते, तिकडे प्रेरकांना, म्हणजे गावात साक्षरतेचं केंद्र चालवणाऱ्यांना, महिना दोन हजार मिळायचे. मग आपल्याकडे का नाही? ‘उल्लास’मध्ये अर्ज केला तर किती अनुदान मिळेल?
— मंडळाच्या सचिव, दापोली तालुका

उत्तर : सचिवबाई, आधी भाचीचा हिशेब मिटवू. ती म्हणते ते ‘साक्षर भारत’. २००९च्या साक्षरता दिनाला, म्हणजे ८ सप्टेंबरला ते सुरू झालं आणि मार्च २०१८मध्ये संपलं. २००१च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता पन्नास टक्के किंवा त्याहून कमी होती, ते जिल्हे त्यात घेतले होते. आपल्याकडचा आकडा त्याच्या वर होता. कोकणातल्या बाया शिकलेल्या म्हणून आपण मिरवतो, त्याचा असाही एक तोटा.

आता ‘उल्लास’, म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम. २०२२-२३ ते २०२६-२७ अशी पाच वर्षं, एकूण १,०३७.९० कोटी रुपये, त्यातले ७०० कोटी केंद्राचे आणि बाकीचे राज्यांचे. हा आकडा पेपरात वाचून मला दरवर्षी चार-पाच पत्रं येतात. पण हा कार्यक्रम स्वयंसेवेवर उभा आहे. शिकवणाऱ्याला मानधन नाही, आणि ते चुकून राहिलेलं नाही, योजनाच तशी आखली आहे. तेव्हा ‘किती अनुदान’ असं विचारत तिकडे जाऊ नका.

पण जा जरूर. तुमच्या केंद्रशाळेत जाऊन सगळ्या बायकांची असाक्षर म्हणून आणि शिकवणाऱ्या मुलींची स्वयंसेवक म्हणून नोंदणी करून घ्या. पंधरा वर्षांवरच्या कुणालाही नाव घालता येतं. शेवटी १५० गुणांची चाचणी असते : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. परीक्षा म्हटलं की बायका पदर तोंडाला लावतात, पण पास झाल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळतं. ते त्यांच्यापेक्षा तुमच्या मंडळाच्या जास्त उपयोगाचं आहे. कसं, ते सांगते.

पैसा देणारा कुणीही असो, तो पहिल्यांदा विचारतो, याआधी काय केलंत? कंपन्यांचा सीएसआर निधी घ्या. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायला लावली. त्यात शिक्षण आहे, बायकांची उपजीविका आहे. पण संस्थेला अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, आणि एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ हा अर्ज. आज ‘उल्लास’मध्ये फुकट राबलात की तुमचं पहिलं वर्ष मोजायला सुरुवात झाली.

आणि सगळ्यात जवळचा पैसा गावातच आहे, तो कुणी मागत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. घरपट्टी-पाणीपट्टीतून जमतं ते उत्पन्न. रक्कम लहान असते, पण पाट्या, वह्या, दिवे यांना पुरते. ग्रामसभेत बावीस बायका घेऊन जा आणि ठराव लिहून घ्या. ‘तोंडी सांगितलंय’ याला दप्तरात जागा नाही. बँकेच्या स्लिपचं काम तर निधीशिवायही होईल. ग्रामीण शाखांनी महिन्याला एक आर्थिक साक्षरतेचं शिबिर घ्यायचं असतं. मॅनेजरला म्हणावं, या वेळचं आमच्या समाजमंदिरात घ्या.

प्रश्न : प्रस्तावाचा एखादा छापील नमुना पाठवाल का? आमचा प्रस्ताव दोनदा परत आला. आम्ही साक्षरतेचं महत्त्व चांगलं दोन पानं लिहिलं होतं.
— एक कार्यकर्ता, गुहागर

उत्तर : ती दोन पानं काढून टाका. ज्याच्या टेबलावर तुमची फाईल जाते त्याला साक्षरतेचं महत्त्व माहीत आहे, त्याचा पगारच त्यावर आहे. त्याला तुमच्या गावातल्या त्या बायका माहीत नाहीत. नमुना मी पाठवत नाही. एकच नमुना दहा संस्थांनी वापरला की दहाही फाईली एका नजरेत ओळखू येतात. त्याऐवजी प्रस्ताव कुठे अडतो ते सांगते.

पहिला अडतो दप्तरात. आमच्या संस्थेचा पहिला प्रस्ताव मी रात्री जागून लिहिला होता, अक्षर मोत्यासारखं. महिन्याभरात परत. कारण काय, तर सोबत जोडलेल्या परिशिष्ट १च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर सात विश्वस्तांची नावं, आणि त्यातले दोघे वारलेले. अध्यक्ष म्हणून ज्यांची सही होती त्यांचं नाव उताऱ्यावर कुठेच नाही. सहा वर्षांत दोन निवडणुका झाल्या, पेढे वाटले, पण बदल अर्ज कुणी दिलाच नव्हता. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत परिशिष्ट ३ भरून सहायक धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचं असतं. आम्ही ओरडत गेलो, तर तिथला क्लार्क शांतपणे म्हणाला, ‘बाई, कागदावर हे दोघे अजून मीटिंगला येतायत.’ उशीर माफीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, जुने ठराव, सगळं निस्तरायला वर्ष गेलं. तुम्ही आज संध्याकाळी तो उतारा काढून नावं मोजा.

त्याच बैठकीत हेही बघा : संस्थेचं पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा (तिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद होते) क्रमांक, केंद्राचा पैसा हवा तर पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशाचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलेलं बँक खातं, तीन वर्षांचे ऑडिट. सगळीकडे संस्थेचं नाव एकाच स्पेलिंगने. ‘मंडळ’ एका ठिकाणी मंडल झालं तरी फाईल थांबते.

दुसरा अडतो वेळापत्रकात. पुण्या-मुंबईच्या नमुन्यात ‘वर्ग रोज सायंकाळी सहा ते आठ’ असं असतं. बंदरावरच्या बाईला सहा वाजता लिलाव असतो. आमच्याकडे वर्ग दुपारी दोन ते चार चालायचा. सोमवारी आणि गुरुवारी जोरात, कारण उपासतापासामुळे त्या दिवशी गिऱ्हाईक थंड. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा बंदरावर रोज वर्ग घ्या. पण तोच प्रस्ताव खलाटीतल्या, म्हणजे सखल भातशेतीतल्या, वाडीसाठी असेल तर जुलैत लावणी असते, कुणी येणार नाही. मार्चपासून काजू बी आणि मग आंबा, त्यात शिमग्याचे आठ दिवस पालखीचे. गणपतीला तर शिकवणारीही माहेरी. हे सगळं प्रस्तावात लिहा. अधिकारी हसेल, पण वाचेल.

आणि महिन्यांना नावं देऊ नका. ‘पहिला महिना, दुसरा महिना’ असं लिहा. एप्रिलसाठी मागितलेला पैसा फेब्रुवारीत हातात पडतो आणि ३१ मार्चला हिशेब मागतात. तारखा छापल्या असतील तर खोटं लिहायची पाळी येते.

अंदाजपत्रक गोल आकड्यात नको. ‘इतर खर्च ५०,००० रुपये’ दिसलं की लाल पेन उघडतं. पंचवीस बायकांचे आठ महिने असे मांडा : दोन शिक्षिका, प्रत्येकी महिना ३,०००, म्हणजे ४८,०००. साहित्य प्रत्येकी ३००, म्हणजे ७,५००. वीज आणि चार्जिंगचे दिवे महिना ५००, म्हणजे ४,०००. देखरेखीचा प्रवास महिना ४००, म्हणजे ३,२००. ऑडिट ५,०००. बेरीज ६७,७००, एका बाईमागे २,७०८ रुपये. दर तुमच्या गावाचे घाला, पण मांडणी अशी की शेंबड्या पोरानेही गुणाकार तपासावा. समाजमंदिराची जागा तुमची आहे ना? तिचं भाडं धरून ‘संस्थेचा हिस्सा’ म्हणून दाखवा. दिवे विसरू नका. पावसाळ्यात दुपारीही अंधारून येतं, आणि लाईट कधी जाईल ते मी तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : एक गृहस्थ म्हणतात, मंत्रालयात त्यांची ओळख आहे. दहा टक्के आधी दिले तर अनुदान नक्की. देऊ का?
— वाचक, लांजा

उत्तर : नाही. त्या दहा टक्क्यांची पावती खर्चाच्या कुठल्या हेडखाली दाखवाल ते विचारा त्यांनाच.

प्रश्न : आमच्या संस्थेला केंद्राच्या एका योजनेतून रक्कम मिळाली. वर्ग उशिरा सुरू झाले, त्यामुळे पैसे खात्यात पडून व्याज आलं. त्या व्याजातून सतरंज्या घेतल्या तर चालेल ना? बायकांच्याच उपयोगाच्या आहेत.
— खजिनदार, रत्नागिरी

उत्तर : खजिनदार, थांबा, सतरंज्या परत ठेवा. हीच चूक मी केली आहे. आमचं व्याज १,१४० रुपये होतं आणि मी त्यातून चटया आणल्या. पावती होती, चटया होत्या, त्यावर बायका बसत होत्या. तरी ऑडिटात आक्षेप निघाला. केंद्राच्या अनुदानावरचं व्याज हिशेब पुरे झाले की सरकारजमा करायचं, हा २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांचा २३०वा नियम. आता ते सरकारच्या भारतकोश पोर्टलवरून भरता येतं. मी कार्यकारिणीपुढे उभी राहिले आणि ते १,१४० पदरचे भरले. यजमान म्हणाले, चटया तरी घरी आण. त्याही आणता येत नव्हत्या, संस्थेच्या डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, लागल्या होत्या.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले याचा दाखला, नमुना १२-एमध्ये द्यायचं. ज्या आर्थिक वर्षात पैसे आले ते संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते, पण पुढचा हप्ता हवा असेल तर बारा महिने वाट बघू नका. योजनेसाठी वेगळं बँक खातं ठेवा. आणि हेच काम दाखवून दुसऱ्या खात्याकडूनही पैसे मागितले असतील तर तसं उघड लिहा. लपवलेलं निघतंच. जिल्हा लहान आहे हो, दोन्ही फाईली एकाच चहाच्या टपरीवर भेटतात.

प्रश्न : आमचं वाचनालय शासनमान्य आहे. परिरक्षण अनुदानातून प्रौढ वर्गाच्या शिक्षिकेला मानधन देता येईल का? दुसरं, हजेरीपटावर बायका अंगठे उठवतात. तपासणीला ते बरं दिसत नाही, म्हणून आम्हीच त्यांच्या नावापुढे नाव लिहून ठेवावं का?
— वाचनालयाचे कार्यवाह, मालवण

उत्तर : पहिल्याचं उत्तर, देऊ नका. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान वाचनालय चालवायला आहे. त्यातून वर्ग चालवलात तर दोन्हीकडून बोलणी खाल. पण जागा, कपाट, वर्तमानपत्रं हा तुमचा हिस्सा म्हणून दाखवता येतो. नवसाक्षरांसाठी मोठ्या टाइपातली पुस्तकं हवी असतील तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या साहाय्याबद्दल विचारा. १९७२पासून ते देशभरातल्या ग्रंथालयांना पुस्तकांसाठी मदत करतं.

शिवणकाम किंवा फळप्रक्रिया शिकवायचा विचार असेल तर जन शिक्षण संस्थान शोधा. मुंबईत १९६७ साली गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांसाठी श्रमिक विद्यापीठ निघालं, त्याचंच हे पुढचं रूप. २०१८पासून ते कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. असाक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेले, १५ ते ४५ वयाचे, असे त्यांना हवेच असतात. बॅच तुमच्या वाचनालयात घ्या म्हणावं.

दुसऱ्याचं उत्तर मात्र जरा रागाने देते. अंगठ्यांना हात लावू नका! अहो, तोच तर तुमचा पुरावा. माझ्याकडे एका वर्गाचा जुना हजेरीपट आहे, कडा कसरीने खाल्लेल्या. एका आजींची ओळ बघा. आषाढात जांभळा अंगठा, इतका शाईने भरलेला की रेषाच दिसत नाहीत. श्रावणात अंगठ्याशेजारी पेन्सिलीची एक उभी रेघ. गणपतीनंतर पहिलं अक्षर. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पूर्ण नाव, वेलांटी उलटी, आणि शेवटचं अक्षर शेजारच्या बाईच्या चौकोनात गेलेलं. त्याच पानावर मध्येच एक वाळलेला खवला चिकटलाय. तपासणीला आलेल्या साहेबांनी बाकी फाईल चाळली नाही. त्या ओळीवर बोट ठेवून आजींना बोलावलं आणि म्हणाले, लिहा. त्यांनी लिहिलं. वेलांटी या वेळी सुलट होती, साहेबांच्या पेनाची निब मात्र वाकली.

तेव्हा शाईचा पॅड नवा घ्या, जांभळा. बिल साहित्याच्या हेडखाली लावा.