टिंक्चर म्हणजे अर्क, काढा की आसव?

एका ताईंनी विचारलंय की टिंक्चर केलंय, म्हणजे व्होडकात तुळशीची पानं भिजत घातलीत, आता बरणीवर काय लिहू, तुळशीचा काढा, अर्क की आसव?

काढा तर नक्कीच नाही. आपल्याला वाटतं पाल्यातून ‘काढला’ म्हणून काढा, पण तो आलाय संस्कृत क्वाथावरून, कढ, कढणे आणि आपली कढी ही सगळी त्याची भावंडं. क्रियापद बघा ना, अर्क ‘काढतात’ पण काढा ‘करतात’, आमची आजी अडुळशाचा काढा ‘उकळत ठेव गं’ म्हणायची, ‘काढा काढ’ कधीच नाही. एक भाग औषध, सोळा भाग पाणी आणि चौथा किंवा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, असं जुनं माप आहे. कढत पाणी ओतून, कुस्करून गाळलं की फांट, थंड पाण्यात रात्रभर ठेवलं की हिम (धण्याचं पाणी पिता ना, तेच). म्हणजे डिप डिपवाला चहा फांट आणि आपला टपरीवरचा सरळसरळ काढा!

आसवात मद्य असतं हे खरं, पण ते आतल्या आत तयार होतं, गूळ किंवा मध घालून, धायटीची फुलं टाकून आंबवतात म्हणून. द्राक्षासव तसंच. आधी काढा करून मग आंबवला तर ते अरिष्ट, उदा. दशमूलारिष्ट (घरावर ओढवतं ते अरिष्ट वेगळं). तुमचं मद्य दुकानातून आयतं आलंय, सो आसवही नाही.

राहिला अर्क. हा मूळ अरबी अरक, म्हणजे घाम. भांडं तापवलं की वाफ वर जाऊन थेंब थेंब सुटतात, अगदी घामासारखे, म्हणून ऊर्ध्वपातन करून मिळतो तो खरा अर्क, ओव्याचा वगैरे. संस्कृतातला अर्क म्हणजे सूर्य आणि रुई, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. पण मराठीत हा शब्द कधीच सैल झालाय, कसलंही सत्त्व म्हणजे अर्क, इतकंच काय ‘तो एक नंबरचा अर्क आहे’ हे आपण माणसालाही म्हणतो. त्यामुळे बोलताना अर्क म्हटलंत तर चालेल, कोणी हसणार नाही.

लेबलवर मात्र मी टिंक्चरच लिहीन. लॅटिनमध्ये मूळ अर्थ रंगवणे. बरणी उजेडात धरून बघा, पाण्यासारखी व्होडका दोन-तीन दिवसांत हिरवट झालेली दिसेल, शब्दाचा अर्थ तिथेच तरंगतोय. खाली ‘व्होडकात भिजवलेलं’ आणि तारीख टाका, नाहीतर घरातलं कोणीतरी काढा समजून कपभर पिऊन टाकेल.

आणि टिंचर की टिंक्चर? गुडघा फुटला की आई टिंचरच लावायची, आयोडीनचं. बोलण्यात मी अजून तेच म्हणतो.