पोरगी रात्ररात्र भुतांची पुस्तकं वाचते, काय करू?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

लालबागच्या चाळीत राहणारी आई आली, सोबत पेपरात गुंडाळलेली पुस्तकं, जणू काही पोरीच्या दप्तरात सिगरेटचं पाकीट सापडलंय. म्हणे मॅडम, पोरगी 15 वर्षांची, दहावीचं वर्ष, आणि ही बघा काय वाचते, सगळी मेलेल्या माणसांची पुस्तकं, ती पण लढाई आणि साथीतली, आणि आता स्वतःच लिहायला लागलीय. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून लिंबू उतरवून टाकून झालं होतं. त्याला मी काही बोलले नाही, माझी आजी पण मीठ-मोहरी ओवाळायची.

पुस्तकं इंग्रजीतली, टीनएजर मुलांसाठीची, सगळ्यांचं साल 1918. तिकडे युरोपात पहिलं महायुद्ध, इकडे फ्लूची साथ, घराघरातून कोणीतरी गेलेलं, आणि गेलेला कोणीतरी परत येतो. पोरं हे का वाचतात असं पालक विचारतात. अहो, त्या काळात एवढी माणसं निरोप न घेता गेली की भुतं सुचणारच, मोठमोठ्यांना सुचली. शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल, त्याचा मुलगा सोमच्या लढाईत जखमी झाला आणि 1918 च्या ऑक्टोबरमध्ये आजारपणात गेला, आणि हा डिटेक्टिव्ह घडवणारा माणूस मेलेल्यांशी बोलता येतं म्हणून गावोगाव भाषणं देत फिरला. हे मला त्या पोरीनेच सांगितलं. पहिल्या भेटीत तासभर ती आत्म्यांच्या फोटोंवरच बोलत होती, बोस्टनचा मम्लर नावाचा फोटोग्राफर गिऱ्हाईकाच्या मागे त्याचं मेलेलं माणूस धूसर दिसेल असे फोटो काढून द्यायचा, 1869 मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीची केस झाली आणि तो सुटला. एकाच काचेवर दोन फोटो पाडायचे, अशी ती ट्रिक म्हणे. मी विचारलं, ट्रिक माहितीये तर मग आवडतं काय त्यात? तर म्हणाली, "लोकांना माहीत असलं तरी फोटो हवा असायचा ना."

इथे माझी ट्यूब पेटली. तिची आजी 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडने गेली होती. अँब्युलन्समध्ये चढताना मास्क, नंतर व्हिडिओ कॉलवर ऑक्सिजनचा मास्क, नंतर ती पिशवी. घरात कोणीच चेहरा पाहिला नव्हता.

आता खरं काळजीचं कधी, ते आधी सांगते. मी झोप विचारली, जेवण, शाळा, मैत्रिणी. आवाज ऐकू येतात का, कोणी काही करायला सांगतंय का, आजीकडे जावंसं वाटतं का, हे पण सरळ विचारलं, विचारल्याने पोरांच्या डोक्यात घुसत नाही ते. यातलं काही हो आलं असतं तर मी त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं असतं. तिचं एवढंच होतं की कधीकधी आजीच्या तेलाचा वास येतो. तो येतो. वेल्समधल्या डॉ. रीस यांनी 1971 मध्ये 293 विधवा-विधुरांचा अभ्यास छापला होता, जवळपास निम्म्या लोकांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवलं होतं, आणि ते काही वेडे नव्हते.

मग मी तिची वही मागितली. माझी चूक अशी की आईसमोर मागितली, दोन आठवडे वही आलीच नाही.

आली तेव्हा पाहिलं, गोष्ट मुंबईतली, 1918 चीच. भाऊ पलटणीतून बसऱ्याच्या लढाईला गेलेला, घरी बहीण आणि आजी. जूनमध्ये गोदीकडच्या पोलीस शिपायांना ताप येतो, बघता बघता शहरभर पसरतो, ऑक्टोबरात 6 तारखेला एका दिवसात 768 माणसं जातात. आकडे खरे आहेत, पोरीने अभ्यास केला होता, दहावीचा नाही पण केला होता. गोष्टीत आजी जाते आणि रात्री माडीवर येऊन उभी राहते. तोंडावर फडकं. बोलत नाही. आणि बहीण रोज तिला एकच विचारते, ताप घरात मी आणला का?

पोरीला विचारलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, पहिला खोकला मला आला होता, मी खाली खेळायला गेले होते, कोणाला सांगितलं नाही.

चार वर्षं. 11 वर्षांची असल्यापासून हे घेऊन फिरत होती आणि घरचे पुस्तकं लपवत होते.

तिच्याच अभ्यासाचा मी वापर केला. म्हटलं, 1918 मध्ये ताप मुंबईत कोणी आणला? म्हणाली, त्याच्यावर भांडण होतं, हेल्थ ऑफिसर टर्नर म्हणाले जहाजातून आला, सरकार म्हणायचं शहरातली घाण. म्हटलं, अख्ख्या शहराला ठरवता आलं नाही, तू 10 बाय 12 च्या खोलीत कसं ठरवलंस? हसली नाही, पण वही मिटली नाही तिने.

पुढच्या वेळी, तिला विचारूनच, आईला आत बोलावलं. पोरीने खाली मान घालून सांगितलं. मला वाटलं आई जवळ घेईल, समजूत काढेल. आई म्हणाली, "अगं, तुझ्या आधी दोन दिवस माझं अंग दुखत होतं. मी गोळी घेऊन ड्युटीला गेले. मी आजपर्यंत तुझ्या बाबांना पण नाही सांगितलं." मग दोघी रडल्या, मी पंखा वाढवला, दुसरं काय करणार.

पुस्तकं परत मिळाली, रात्री अकरानंतर लाईट बंद एवढी अट घालून. दहावी झाली, मार्क ठीकठाक. मध्ये दोघी भेटायला आल्या तेव्हा आई वहीवरून तिच्याशी वाद घालत होती, आता आईला वाचायची परवानगी आहे. गोष्टीतल्या आजीने फडकं काढलं होतं आणि पहिलंच वाक्य बोलली होती, ते आईला पटत नव्हतं.

"आपली आजी मालवणची, ती कधी 'अगं' म्हणायची का? 'गो' लिही. 'जेवलंस काय गो', असं लिही."