चूक लपवणारी मॅट

प्रश्न : घरातल्या एका खोलीत मी गोल्फ सिम्युलेटर (पडद्यावर चेंडू मारला की तो मैदानावर किती दूर गेला असता हे दाखवणारे यंत्र) बसवला आहे. काँक्रीटच्या जमिनीवर सुमारे दीड सेंटीमीटर जाडीची मॅट अंथरून रोज शंभरेक चेंडू मारतो. मी उजव्या हाताने खेळतो. गेल्या काही आठवड्यांपासून डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले आहे. दुसरे कोडे असे की, पडद्यावर सात नंबरच्या आयर्नचे (धातूच्या पात्याच्या क्लबचे, म्हणजे गोल्फच्या काठीचे) अंतर उत्तम दिसते, पण मैदानावर तोच फटका तोकडा पडतो. अधिक जाड मॅट घेतल्यास या तक्रारी दूर होतील का?

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे, आणि ते केवळ जाडीत नाही. आयर्नचा फटका खाली उतरत्या मार्गाने बसतो. आधी चेंडू आणि त्यानंतर जमीन, असा त्याचा क्रम असतो. हा क्रम चुकून क्लब चेंडूच्या दोन-तीन बोटे मागे टेकला, तर खऱ्या गवतावर तो मातीत रुततो, त्याचा वेग मरतो आणि चेंडू पुढ्यातच पडतो. काँक्रीटवरच्या पातळ मॅटवर मात्र क्लबला रुतायला जागाच नसते. त्याचा तळ प्लॅस्टिकवरून उसळून किंवा घसरून, फारसा वेग न गमावता चेंडूपर्यंत पोहोचतो, आणि यंत्र बिचारे चेंडूचा जो वेग दिसला त्यावरून अंतर दाखवते. म्हणजे यंत्र खोटे बोलत नाही. मॅटने चूक झाकलेली असते. मातीने जो धक्का पोटात घेतला असता, तो आता शाफ्टमधून, म्हणजे क्लबच्या दांडीतून, मनगटात आणि तिथून कोपरात जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात पुढचा असल्यामुळे डाव्या कोपराची बाहेरची बाजू दुखणे हे गोल्फमध्ये नेहमी आढळणारे दुखणे आहे.

म्हणून मॅट निवडताना चांगला फटका मारून पाहण्यापेक्षा वाईट फटका मारून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगला फटका जवळपास कोणत्याही मॅटवर गोड लागतो. दुकानात किंवा ओळखीच्या व्यक्तीच्या सिम्युलेटरवर अर्ध्या स्विंगने (क्लब अर्धाच मागे नेऊन), बेताच्या जोराने, मुद्दाम चेंडूच्या थोडे मागे क्लब टेकवून पाहा. हाताला टणक झटका बसला आणि अंतरही फारसे घटले नाही, तर ती मॅट कितीही देखणी असली तरी घेऊ नका. क्लब थोडा खाली दबला, आवाज बोदा आला आणि अंतर ठळकपणे कमी झाले, तर ती मॅट आपल्याला खरे सांगते आहे.

आता जाडीविषयी. मॅटचे दोन भाग वेगळे समजून घ्यावेत : वरचे तंतू आणि त्यांच्या खालचा थर. खालचा थर कडक रबराचा असेल, तर पाच सेंटीमीटर जाडीची मॅटही उसळवते. उलट तंतू दाट व उभे असून त्यांच्याखाली दबणारा फोम किंवा जेलचा थर असेल, तर त्याहून पातळ मॅटही हाताला सुसह्य ठरते. ब्रशसारखे उभे केस असलेल्या पट्ट्याही मिळतात. त्यांत क्लब केसांना वाकवत आरपार जातो आणि धक्का बराच कमी होतो, मात्र त्यांचा स्पर्श गवतासारखा वाटत नाही, ही काहींची तक्रार असते. संपूर्ण मॅटच मऊ घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण फोममध्ये पाय रुतले की तोल जातो आणि स्विंगची उंची दर फटक्याला बदलते. पायाखाली घट्ट आणि चेंडूखाली मऊ, हीच रचना योग्य होय. त्यासाठी उभे राहण्याची मॅट वेगळी आणि तिच्यात बसणारी, झिजल्यावर बदलता येणारी मारण्याची पट्टी वेगळी, अशी जोडी घ्यावी. झीज नेहमी तळहाताएवढ्याच जागेत होते आणि तेवढ्यासाठी सगळी मॅट टाकून देणे जिवावर येते.

तोपर्यंत एक साधा उपाय करता येईल. चेंडूच्या मागे सुमारे दहा सेंटीमीटरवर घडी केलेला टॉवेल ठेवून सावकाश फटके मारा. क्लब टॉवेलला लागला, तर पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मात्र कोपर दुखत असताना हा सरावही करू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे, दुखणे शमेपर्यंत विश्रांती घ्यावी, आणि पुन्हा सुरुवात करताना आयर्नचे चेंडूही काही दिवस छोट्या टीवर (चेंडू उंच धरणाऱ्या खुंटीवर) ठेवून मारावेत. मॅट हे औषध नव्हे.

प्रश्न : मारण्याची नवी पट्टी जुन्या मॅटवरच ठेवली, तर चालेल का? माझा लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग आणि कोन मोजणारे यंत्र) कॅमेऱ्याचा असून चेंडूच्या बाजूला जमिनीवर असतो.

उत्तर : तशी ठेवू नये. पट्टी वर आली की चेंडू पायांपेक्षा उंच होतो, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू अशा वेळी डावीकडे वळू पाहतो. घरात बसून उतारावरचा खेळ पक्का करण्यात अर्थ नाही. शिवाय बाजूला ठेवायचे कॅमेऱ्याचे यंत्र चेंडूच्याच पातळीवर आणि समतल असावे लागते, अन्यथा चेंडू त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर जातो किंवा उड्डाणाचा कोन चुकीचा मोजला जातो. पट्टी, पायांची मॅट आणि यंत्र या तिन्हींखाली प्लायवूड किंवा घट्ट फोमच्या फरश्या घालून सर्व एकाच उंचीवर आणावे. त्याआधी ड्रायव्हर (सर्वांत लांब क्लब) हातात घेऊन छताकडे एकदा बघा, कारण जमीन जितकी वर येईल तितके छत खाली येते.

प्रश्न : माझ्या क्लबच्या तळाला हिरवे ओरखडे पडतात. मॅट खराब निघाली असे समजावे का?

उत्तर : घर्षणाच्या उष्णतेने तंतू वितळून धातूला चिकटतात, त्याचे हे डाग आहेत. पॉलिइथिलीन सुमारे 120 ते 130 अंश सेल्सिअसला आणि पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंशांना वितळते, तर नायलॉन 200 अंशांच्या वर टिकते. म्हणूनच मारण्याच्या पट्टीसाठी नायलॉन सरस ठरते; ते स्पर्शाला राठ लागले तरी चालेल. डागांमुळे क्लबचे नुकसान होत नाही, पण तंतू आडवे होऊन चमकू लागले असतील, तर पट्टी उलट दिशेने फिरवावी किंवा बदलावी. नवी घेताना लाकडी टी थेट खोचता येईल इतके दाट तंतू आहेत का, तेही पाहावे. रबरी टीची उंची ठरलेली असते आणि ती प्रत्येकाच्या ड्रायव्हरला जुळतेच असे नाही.

प्रश्न : बागेत अंथरायचे कृत्रिम गवत वापरून भागेल का?

उत्तर : मारण्याच्या जागी नाही. त्याचे लांब, मऊ तंतू लवकरच आडवे पडतात, आणि खाली उरतो तो नुसता कडक पाया. पडद्यापर्यंतची उरलेली जमीन झाकायला ते चालेल; तिथे पटिंगही (चेंडू जमिनीवरून हळूच घरंगळवण्याचा सराव) करायचे असल्यास मात्र आखूड आणि दाट तंतूंचे, खास पटिंगसाठीचे गवत घ्यावे. आणि ज्यात वाळू भरावी लागते असे गवत घरात आणू नका, कारण ती वाळू प्रत्येक फटक्याबरोबर उडून खोलीभर पसरते.