आईने घास नाकारला, म्हणजे मी तिला उपाशी ठेवते आहे का?

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरल्याचे निदान झाल्यावर 'आता घरी न्या, त्रास होऊ नये एवढे आपण पाहू' असे रुग्णालयातून सांगण्यात आले. दोन महिन्यांपासून ती साताऱ्यात माझ्याकडे आहे. पॅलिएटिव्ह केअरची (आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेची) परिचारिका आठवड्यातून दोनदा येते आणि डॉक्टर फोनवर बोलतात. गेल्या आठ दिवसांत तिचे जेवण जवळजवळ सुटले आहे. दोन चमचे पेज घेतली की ती तोंड फिरवते आणि दिवसाचा बराच वेळ झोपून असते. पुण्याचा भाऊ रोज फोनवर 'सलाईन लाव, नाही तर नाकातून नळी घालायला सांग' म्हणतो. मॉर्फिनमुळेच ती अशी झोपते आणि त्यानेच ती लवकर जाईल, असे त्याला वाटते. परवा मावशी येऊन गेली. 'अगं, उपाशी ठेवलंस का तिला?' एवढेच विचारून गेली. जिने मला भरवले तिला मी उपाशी मारते आहे का, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, आपण आईंना उपाशी मारत नाही. शरीर बंद होण्याच्या मार्गाला लागले की भूक आपोआप मावळते, आणि यकृतापर्यंत पोहोचलेल्या कर्करोगात तर शरीराची अन्न वापरण्याची रीतच बिघडलेली असते. पोटात गेलेला घास अंगी लागत नाही, उलट तो पचवण्याचा भार मात्र होतो. म्हणूनच बळेबळे भरवलेली पेज पुष्कळदा उलटून पडते, किंवा गिळण्याची ताकद कमी झाल्याने श्वासनलिकेत जाते आणि ठसका, खोकला व छातीतील संसर्ग यांचे निमित्त होते. आई तोंड फिरवतात तेव्हा त्या आपल्याला नाकारत नसून आपले शरीर काय सांगते आहे ते कळवत असतात, आणि ते ऐकणे हीच या वेळची शुश्रूषा आहे.

तरीही एक गोष्ट परिचारिकेकडून अवश्य तपासून घ्यावी. जिभेवर किंवा गालांच्या आत पांढरा थर साचला असेल तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि तोंड हुळहुळल्यामुळेही माणूस खाणे टाळतो. मळमळ आणि बद्धकोष्ठता यांचेही तसेच. या तिन्हींवर साधी औषधे आहेत. ती देऊन दोन घास जास्त गेले तर आनंदच आहे. नाही गेले तर आपल्या मनातील शंका तरी मिटेल.

आता सलाईनविषयी. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद, अशी समजूत खोल रुजली आहे, म्हणून बंधूंना हिशेब सांगावा : पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे जेमतेम पाच चमचे, आणि तिच्यातून शंभर कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. उलट्या-जुलाबांनी गळून गेलेल्या, पण अजून हिंडत्या-फिरत्या रुग्णाला सलाईनने निश्चित हुशारी येते. अखेरच्या आठवड्यांत मात्र मूत्रपिंडे आणि हृदय हे जादा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. ते पायांवर सूज होऊन उतरते किंवा फुप्फुसांत साचते आणि धाप वाढवते. अमेरिकेतील ह्यूस्टन परिसरात हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या काळातील शुश्रूषेची, सेवा घेणाऱ्या १२९ कर्करोगग्रस्तांवर एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज एक लिटर द्रव आणि काहींना नावापुरते १०० मिलिलिटर देण्यात आले होते. त्रासात किंवा आयुष्याच्या लांबीत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. नाकातील नळीबद्दलही मी आपल्या आईंच्या अवस्थेत 'नको' असेच सांगेन. ती टोचते, आणि अर्धवट शुद्धीतला रुग्ण ती ओढून काढू लागला की त्याचे हात बांधण्याची वेळ येते.

या अवस्थेत जी कोरड जाणवते ती बहुतेक तोंडाची असते, आणि ती आपल्या हातांनी दूर होऊ शकते. स्वच्छ, मऊ कापड पाण्यात बुडवून दर एक-दोन तासांनी जीभ, हिरड्या आणि गाल आतून पुसावेत, ओठांना थोडे तूप लावावे. आई जाग्या असतील आणि गिळू शकत असतील तर डोके उंच करून चमचाभर पाणी, ताक किंवा त्यांना आवडणारे कोकम सरबत द्यावे. जाणाऱ्या माणसाच्या मुखात तुळशीपत्र आणि गंगाजलाचे थेंब घालण्याची आपली रीत आहे. त्या वेळी थेंबच पुरतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. मावशी पुन्हा आल्या की तो चमचा त्यांच्याच हाती द्यावा. त्यांनाही काहीतरी करायचे आहे, आणि ते न सुचल्यामुळेच तो प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला असावा.

मॉर्फिनविषयी थोडक्यात. वेदनेच्या मापाने, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या वेळी दिलेले मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही. सुरुवातीच्या किंवा मात्रा वाढवल्यानंतरच्या काही दिवसांत गुंगी येते, ती बहुधा ओसरते. आताची वाढती झोप मुख्यतः आजाराचीच आहे. मात्र उठवूनही आई जाग्या होत नसतील, श्वास फार मंद झाला असेल किंवा अंगाला झटके येत असतील तर त्याच वेळी डॉक्टरांना कळवावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये, कारण दबलेली वेदना उफाळून येते. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून रेचक रोज चालू ठेवावे. गोळी गिळता येणार नाही असा दिवस येईल; तेव्हा त्वचेखालचे इंजेक्शन की त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे.

पुढे हातपाय गार पडतील, लघवी कमी होईल, श्वासात मोठे खंड पडतील आणि कदाचित घरघर लागेल. तो आवाज घशात साचलेल्या स्रावाचा असतो. ऐकणाऱ्याचे काळीज हलते, पण बेशुद्धावस्थेतील रुग्णाला त्याचा त्रास बहुधा होत नसतो. त्यांना कुशीवर वळवावे, डॉक्टरांनी देऊन ठेवलेले औषध द्यावे, आणि ऐकू येते आहे असे समजूनच बोलत राहावे. अशा क्षणी घाबरून रुग्णवाहिका बोलावली गेली तर आईंचे अखेरचे तास अतिदक्षता विभागात जातात, म्हणून रात्री कोणाला फोन करायचा हे आधीच कागदावर लिहून भिंतीला लावावे. मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घरी येऊन कोण देणार, हेही डॉक्टरांशी आताच बोलून ठेवावे. ते अवघड वाटते, पण घरी झालेल्या मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा कागद हाती नसेल तर त्याच दिवशी धावपळ होते.

बंधूंना फोनवर समजावणे मात्र आता थांबवावे. या शनिवारी त्यांना साताऱ्याला बोलवावे, डॉक्टरांशी त्यांचे थेट बोलणे करून द्यावे, आणि दोन रात्री आईंजवळ त्यांनाच बसू द्यावे. दोन महिन्यांत आपण एकदाही स्वतःच्या जेवणाविषयी किंवा विश्रांतीविषयी लिहिलेले नाही; त्या दोन रात्री आपण दुसऱ्या खोलीत झोपावे.