वाचकांचे प्रश्न : रिझर्व्ह कधी फेकलाच नाही, मग उघडायचा कशाला?

पावसाळा सरत आला की कामशेतकडच्या डोंगरांवर परत ग्लायडर दिसायला लागतात आणि आमच्याकडे रिझर्व्हचे प्रश्न यायला लागतात, म्हणून या वेळी सगळे तेच घेतलेत. ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पॅराग्लायडर उडवणाऱ्याच्या हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांनी अंगाला बांधलेल्या बैठकीत, सीटखाली, पाठीमागे नाहीतर पुढे मांडीवर, घडी करून ठेवलेलं एक पॅराशूट असतं. ग्लायडर, म्हणजे डोक्यावरचं कापडी पंख, हवेत गुंडाळला आणि सावरेनासा झाला की हँडल ओढून ते हाताने लांब फेकायचं. त्यालाच सगळे रिझर्व्ह म्हणतात.

प्रश्न : सेकंडहँड हार्नेस घेतला, त्यात रिझर्व्ह आहे. आधीचा मालक म्हणतो की तीन वर्षांत एकदाही फेकलेला नाही, एकदम नवाच आहे. तरी उघडायला हवा का? (एक वाचक, पुणे)

न फेकलेला म्हणजे नवा नाही हो. तीन वर्षं दाबून ठेवलेला असं म्हणा. नायलॉनचं पातळ कापड घट्ट घडीत राहिलं की थर एकमेकांना चिकटतात, रबर बँड कडक होतात नाहीतर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पडून राहिले तर चिकट होतात, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने कपाटात दमट हवा. असा रिझर्व्ह उघडतो बऱ्याचदा, पण उशिरा उघडतो, आणि खाली डोंगर जवळ असताना ते एक-दोन सेकंदच महत्त्वाचे असतात. बहुतेक कंपन्या सहा महिने ते एक वर्ष या अंतराने रिपॅक करा, म्हणजे उघडून पुन्हा घडी घाला, म्हणतात. माझं म्हणाल तर वर्षातून एकदा, सीझन सुरू व्हायच्या आधी, हे कमीत कमी, मग एकही फ्लाइट झाली नसली तरी.

तुमच्या केसमध्ये आधी लेबल बघा. त्यावर बनवल्याची तारीख आणि जास्तीत जास्त वजन असतं. साधारण दहा वर्षं हे आयुष्य बरेच उत्पादक देतात, त्यापुढचा असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका, ट्रेनिंगला फेकून बघायला वापरा. आणि वजन म्हणजे तुमचं एकट्याचं नाही, हार्नेस, हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली सगळं धरून. ईएन १२४९१ या युरोपियन स्टँडर्डमध्ये पूर्ण वजनाला खाली येण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरपर्यंत चालतो, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यावर पायाला बसेल तेवढा दणका. तो सुद्धा नीट पडायची सवय असेल तर. लहान साइझचा रिझर्व्ह घेऊन वजन वाचवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

प्रश्न : रिपॅकचे पैसे वाचवायला व्हिडिओ बघून घरीच घडी घातली तर चालेल का? नक्की काय काय बघायचं असतं? (एक वाचक, नाशिक)

शिका जरूर, पण पहिल्यांदा एखाद्या अनुभवी माणसाशेजारी बसून, आणि समोर तुमच्याच मॉडेलचं मॅन्युअल ठेवून. गोल रिझर्व्ह, चौकोनी रिझर्व्ह आणि स्टिअरेबल, म्हणजे दिशा देता येणारा, रिझर्व्ह यांच्या घड्या वेगळ्या असतात, व्हिडिओवाल्याचा कुठला होता ते तुम्हाला कळणार पण नाही.

लोक घडीच्या मागे लागतात, पण मला विचाराल तर अर्धं काम घडीच्या आधीच आहे. जुनी पॅकिंग उघडण्यापूर्वी हार्नेस एखाद्या मजबूत तुळईला टांगा, त्यात बसा, हेल्मेट ग्लोव्हज घालून, आणि खरोखर ओढून फेका. न बघता हात हँडलवर जातो का? बसलेल्या स्थितीत तुमच्या हाताच्या लांबीला ते पूर्ण बाहेर येतं का? इथेच खरी गंमत कळते, कारण हार्नेस एका कंपनीचा आणि रिझर्व्ह दुसऱ्याचा असं आपल्याकडे सर्रास असतं, आणि मग हँडलची पट्टी चुकीच्या लूपला जोडलेली असते. हँडल ओढलं की आधी कंटेनर, म्हणजे हार्नेसमधला रिझर्व्हचा कप्पा, बंद ठेवणाऱ्या पिना सुटायला हव्यात आणि मगच घडी असलेल्या आतल्या पिशवीवर ताण यायला हवा. पट्टी आखूड पडली तर उलटं होतं, ताण पिशवीवर येतो, पिना तशाच अडकून, आणि मग कितीही बलवान माणूस असू दे, रिझर्व्ह काही बाहेर येत नाही. जमिनीवर टांगून हे दोन मिनिटांत दिसतं. घडी कितीही सुरेख घातलेली असो, पिशवी कंटेनरमधून निघालीच नाही तर त्या घडीला कोण विचारतो.

मग रिझर्व्हची घडी उलगडून तो मधल्या लूपला धरून कोरड्या खोलीत, सावलीत, निदान एक रात्र टांगून ठेवायचा, म्हणजे ओल जाते आणि चिकटलेले थर मोकळे होतात. उन्हात वाळवायचा नाही, ऊन नायलॉन खातं. टांगलेला असतानाच एकेक पॅनल, म्हणजे कापडाची पट्टी, उजेडासमोर धरून बघा, लाइन, म्हणजे दोरी, जिथे कापडाला शिवलीय तिथली शिवण बघा, मधल्या लाइनी सगळ्यात जास्त.

घडी घालताना खालून लाइनी ताणून धरायच्या आणि पॅनल डावीकडे उजवीकडे समान मोजून पडले पाहिजेत, मधल्या लाइनी मोकळ्या, कशात गुंतलेल्या नकोत. यात मला घाई केलेली अजिबात आवडत नाही, फोन वाजला आणि मोजणी चुकली असं वाटलं तर सरळ पहिल्यापासून. लाइनी आठच्या आकड्यासारख्या गुंडाळून रबरात अडकवायच्या, आणि शेवटचे वळसे आतल्या पिशवीचं झाकण बंद करायला वापरायचे.

त्या शेवटच्या वळशांबद्दल जरा सांगतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. पिशवीच्या झाकणाला भोकं असतात, त्यातून रबर बाहेर येतं, त्या रबरातून लाइनचा छोटा वळसा सरकवला की झाकण बंद. फेकल्यावर लाइनी ताणल्या जातात, वळसा रबरातून निसटतो, पिशवी उघडते. आता रबर सैल वाटलं म्हणून कोणी ते दोनदा पिळून घालतं, किंवा वळसा हातभर लांब काढतं, म्हणजे ‘सुटायला नको’. अहो सुटायलाच हवं ना! वळसा मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढाच, सहसा दोन-तीन बोटं, रबर एकपदरी, आणि दर रिपॅकला नवीन, तेही कंपनीने दिलेल्या मापाचं. स्टेशनरीच्या दुकानातलं पिवळं रबर नको, ते एका उन्हाळ्यात तुकडे तुकडे होतं.

शेवटी हत्यारं मोजा. चिमटे, वाळूच्या पिशव्या, ओढायची दोरी, सुरुवातीला जितकी काढली तितकीच बाजूला दिसली पाहिजेत. घडीत चिमटा राहिला तर वरचं सगळं पाण्यात. मग हार्नेसमध्ये बसवून परत एकदा टांगून पिना सुटेपर्यंत ओढून बघा, पिना परत लावा, कार्डावर तारीख आणि नाव लिहा.

प्रश्न : पवना धरणाच्या पाण्यात लँडिंग झालं, सगळं भिजलं. मशीनमध्ये धुऊ का? (एक वाचक, लोणावळा)

मशीन नको, साबण नको, इस्त्री तर मुळीच नको. लगेच उघडा, पाणी आत साठलेलं असताना वरून धरून उचलू नका, त्या वजनाने शिवणी ताणतात. गाळ असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात खळबळून काढा आणि सावलीत टांगा. आतली पिशवी आणि हार्नेसचं फोम कापडापेक्षा खूप उशिरा वाळतं, ते ओलं असताना पॅक केलं तर बुरशी ठरलेली. गोव्याला समुद्रात पडला असाल तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा, कारण मीठ आत राहिलं की त्याचे खडे धाग्यांना घासत बसतात. त्यानंतर कोणाकडून तरी तपासून घ्याच.

प्रश्न : माझ्या रिझर्व्हचा ब्रायडल (रिझर्व्हला हार्नेसशी जोडणारी पट्टी) हार्नेसच्या पट्टीला लूपमध्ये लूप घालून जोडलाय, लोखंडी लिंक नाही. बरोबर आहे का? (एक वाचक, सातारा)

चालतं, पण लूप पूर्ण घट्ट ओढून बसलेले हवेत आणि दोन्ही पट्ट्यांची रुंदी जुळणारी. सैल राहिले तर उघडतानाच्या झटक्यात नायलॉनवर नायलॉन घासतं, त्या घर्षणाच्या उष्णतेने पट्टी वितळून तुटू शकते. मला स्वतःला स्टेनलेस स्टीलची, ताकदीचा शिक्का असलेली क्विक लिंक, म्हणजे स्क्रूने बंद होणारी कडी, जास्त बरी वाटते, हार्डवेअरच्या दुकानातली नव्हे. ती आडवी फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना रबर रिंग, आणि स्क्रू पान्याने घट्ट.

प्रश्न : पुण्याच्या शीतल महाजन नऊवारीत स्कायडाइव्ह करतात ते बघितलं. स्कायडायव्हर पण रिझर्व्ह स्वतःच पॅक करतात का? (एक वाचिका, सांगली)

मुख्य पॅराशूट बरेच जण स्वतः करतात, रिझर्व्ह मात्र नाही. अमेरिकेत तो फक्त सर्टिफाइड रिगरने, म्हणजे पॅराशूट पॅक करायचा परवाना असलेल्या माणसाने, पॅक करायचा, शिशाचं सील लावायचं, आणि मुदत १८० दिवस. ही मुदत २००८ पर्यंत १२० दिवस होती, आणि रेशमी किंवा नैसर्गिक धाग्याच्या पॅराशूटला अजूनही ६० दिवसच, ओल आणि बुरशी तिथे लवकर घात करते. स्कायडायव्हर बिघडलेलं मुख्य पॅराशूट कापून टाकतो आणि मग रिझर्व्ह उघडतो. पॅराग्लायडरमध्ये तसं सहसा नसतं, ग्लायडर जोडलेलाच राहतो, म्हणून रिझर्व्ह उघडला की ग्लायडर ताबडतोब हाताने ओढून गोळा करायचा, नाहीतर दोघं विरुद्ध दिशांना ओढत बसतात आणि वेग भलताच वाढतो. ही प्रॅक्टिस कोणी करत नाही, रिपॅकच्या वेळी टांगलेले असताना ती पण करून घ्या.

प्रश्न : मुलगी मैत्रिणींबरोबर टँडम राइडला (पायलटबरोबर एकाच ग्लायडरवर) जाणार आहे. आम्हाला यातलं काही कळत नाही, काय विचारायचं? (एक आई, ठाणे)

ताई, चारच गोष्टी विचारा: रिझर्व्ह आहे का, तो टँडमचाच आहे का कारण दोघांच्या वजनाला मोठा लागतो, शेवटचं रिपॅक कधी झालं, आणि टेकऑफच्या आधी पिना बघितल्या का. चांगला पायलट न चिडता दाखवतो, कार्डावरची तारीख पण. जो ‘अहो काही होत नाही’ म्हणून हसण्यावारी नेतो त्याच्याकडे पैसे भरू नका, बाजूला दुसरा असतोच. आणि मुलीला एवढं सांगा की बसल्यावर पायलटकडून हँडल कुठलं ते विचारून घे आणि फोटो काढताना आधार म्हणून ते धरू नको.