पोटाला तारीख घाल

बाळा,

नाव लिहीत नाही. पुडी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि रूमवर तुम्ही सहाजणी.

काल काउंटरशी आलीस, ओढणी पोटावर ओढून धरलीस, मागच्या दोन गिऱ्हाइकांना पुढं जाऊ दिलंस आणि मग हळूच म्हणालीस, "काकू, गॅसच्या दहा द्या." जूनपासूनची ही चौथी खेप. काय होतंय विचारलं, तर "काय कळंना." सकाळी पोट सपाट, संध्याकाळी असं तटतटतं की सलवारीच्या नाडीचा लाल वळ रात्रीपर्यंत जात नाही. कुणी अ‍ॅसिडिटी म्हटलं, आत्यानं वायगोळा ठरवला, रूमवरच्या मुलीनं पीसीओडी. तू तिघांचंही ऐकलंस आणि तिन्हींवर एकच गोळी घेतेस.

तुझ्या त्या "काय कळंना"चा मला राग आला. कळणार कसं? एका तरी दुखण्याला तारीख घातलीस का? आपल्याकडं घरोघरी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचा खाडा असतो, सिलिंडर कधी लावला ते असतं. चुलीच्या गॅसला तारीख आहे, बाईच्या पोटातल्या गॅसला नाही.

हे मी कुणाला बोलतेय? स्वतःलाच. १९९३ पासून या दुकानात बसते. उधारीच्या वहीत एक पान माझ्या नणंदेचं होतं, तेव्हा ती एकवीस वर्षांची. पोट फुगायचं, कमरेपर्यंत कळ जायची, ती उशी पोटाशी धरून कोपऱ्यात पडायची. घरात सगळे म्हणायचे, गुबारा धरलाय, ओवा दे. मी ओवा दिला, बेंबीवर हिंग लावला आणि दुकानातून पट्ट्या आणल्या. १९९८ चं ते पान अजून आहे. ४ जानेवारी: गॅसची एक, दुखण्याची एक. १ फेब्रुवारी: तेच. २८ फेब्रुवारी, २९ मार्च: तेच. तारखा माझ्याच हातानं पडत होत्या, मी नुसत्या रकमांची बेरीज करत होते. अठ्ठावीस, सत्तावीस, एकोणतीस दिवस. पोरीचं पोट महिन्याच्या हिशोबानं दुखत होतं आणि आम्ही तिला वांगं खाऊ नको म्हणत होतो.

२००५ मध्ये पुण्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दोन्ही बीजकोशांवर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या काळपट रक्तानं भरलेल्या गाठी, आतडं गर्भाशयाला चिकटलेलं. एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर, पोटात वाढते आणि दर पाळीला तिथं दाह होतो. पाळी येण्याच्या वयातल्या दहा बायकांत साधारण एकीला हे असतं, आणि निदान व्हायला कैक वर्षं जातात. आमच्या घरात सात गेली. नणंद मला कधी काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "वैनी, तुझी वही दाखवायची होती डॉक्टरला." मी डॉक्टर नव्हते, सासूबाईंसमोर पाळीचा शब्द काढायची सोय नव्हती, हे सगळं खरं आहे. पण वाचता येत होतं ना मला?

म्हणून सांगते, तारीख घाल. पाळीचा पहिला दिवस लिही. कधी फुगलं, त्याआधी चार-सहा तासांत काय खाल्लंस, पोट साफ कसं झालं, कळ कुठं आली, तेही लिही. दोन महिने लिही, मग माझ्याकडं ये.

आता तुझंच बघ. रविवारी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मैत्रिणींबरोबर पेला मारतेस, हे तूच सांगितलंस. (कच्चं दूध पिऊ नये असं माझं मत, पण कोल्हापुरात ते कोण ऐकतं!) मोठ्या पेल्यात दहा-बारा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जातं. आपल्यातल्या पुष्कळांच्या आतड्यात मोठेपणी ते फोडणारा रस कमी होतो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू तिचा वायू करतात. चहातल्या चमचाभर दुधानं सहसा काही होत नाही, दह्यानंही कमीच. दोन आठवडे पेला बंद कर, मग परत सुरू कर, आणि दोन्हीची तारीख लिही. मिसळीचंही तसंच. दोष तिखटाला देतो आपण. तिखटानं जळजळ होईल, एखादीला कळही येईल, पण वायू धरतो तो मटकीनं, कांद्यानं, लसणानं. तेही लगेच नाही, काही तासांनी. म्हणून सकाळच्या मिसळीचं खापर दुपारच्या भातावर फुटतं.

आणि पाणी! गारगोटीच्या एसटीत लघवी लागायला नको म्हणून तू सकाळपासून घोटभरही पीत नाहीस, आणि रूमवर एकच संडास म्हणून लागलेली दाबून ठेवतेस. मळ जितका आत राहील तितका सुकतो, जंतूंना तितका वेळ मिळतो. निम्म्या मुलींचं दुखणं इथंच असतं असं मला दुकानात बसून वाटत आलंय. अर्धा तास लवकर ऊठ, रांगेत पहिली जा. इसबगोल घ्यायचं तर थोड्यापासून सुरू कर आणि वर पेलाभर पाणी. कोरडं गिळशील तर घशात किंवा पोटात गोळा होऊन बसेल.

पाळीआधी आठवडाभर पोट जड होणं हे पुष्कळजणींना होतं. त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि आतडं सुस्तावतं, पाळी आली की मोकळं होतं, कुणाला जुलाबही होतात. एवढंच असेल तर घाबरू नकोस. पण दर महिन्याला वाढत जाणारं, कॉलेज बुडवणारं, पाळीत संडासला बसताना सुरी फिरल्यासारखं दुखणं "बाईच्या जातीला असतंच" म्हणून सोडायचं नाही. कुणी म्हटलं तर माझं नाव सांग. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिऑसिस नाही असं होत नाही, हेही लक्षात ठेव. डॉक्टरांपुढं वही उघड. "अधूनमधून दुखतं" म्हणशील तर गोळीच मिळेल.

तू मोबाईलवर बघून गहू सोडलास म्हणे. कुणाला विचारून? सिलिअ‍ॅक नावाचा गव्हाचा आजार असतो, रक्ताच्या तपासणीत कळतो, पण गहू पोटात जात असेल तरच. आधीच सोडलास तर तपासणी खोटी पडते. चपाती सुरू कर, तपासून घे, मग सोड नाहीतर खा.

एक आणखी. फुगलेल्या पोटात दरवेळी हवाच जास्त असते असं नाही. काहींचा छातीखालचा पडदा जेवल्यावर खाली सरकतो, पोटाचे स्नायू सैल पडतात, म्हणून पोट पुढं येतं. ते मनाचे खेळ नाहीत, आणि गॅसच्या गोळीचं तिथं कामही नाही.

आता जिथं वही भरत बसायचं नाही ते सांगते. वजन आपोआप उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, शौचात रक्त जातं, दुखण्यानं झोपेतून जाग येते: आठवड्यात डॉक्टर. एका बाजूला अचानक जोराची कळ आणि उलटी: त्याच रात्री सीपीआर, आपला सरकारी दवाखाना, गाठ, सकाळची वाट बघू नकोस, बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. पोट वर-खाली न होता आठवडेच्या आठवडे फुगलेलंच राहिलं, दोन घासांत पोट भरायला लागलं, तरी तपासणी. तुझ्या वयात बीजकोशाचा कॅन्सर क्वचित, पण घरात आई-मावशीला झाला असेल तर डॉक्टरांना आधी ते सांग. आणि पाळी चुकली असेल तर घरी करायची टेस्ट मी कागदात गुंडाळून देते. मी काही विचारत नाही, कुणाला सांगत नाही.

बोलले जास्त. पोरगा म्हणतो, आई, असं सगळ्यांना सांगत बसलीस तर गॅसची गोळी खपायची कशी. न खपू दे. एवढी वर्षं खपवल्यात.

तू दहा मागितल्या होत्यास, मी पाचच घातल्यात आणि पैसे पाचाचेच घेतलेत. पुडीत औषध कंपनीची छोटी डायरी आहे, गेल्या वर्षीची आहे, वार चुकीचे आहेत. वारांकडं बघू नकोस, तारखेसमोर लिही. गुरुवारी मी दुपारी चारनंतर दुकानात असते, पोरगा नसतो.

तुझी
मेडिकलवाली काकू