भाचा दृष्टिहीन आहे, नागपुरात कॉलेजला येतोय. त्याच्यासाठी गाइड डॉग घ्यावा का?

मी स्वतः जन्मापासून दृष्टिहीन आहे. लिहितो, व्याख्यानं देतो, त्यासाठी विदर्भभर हिंडतो, ते पांढऱ्या काठीवर. तुम्हाला सरळच सांगतो भाऊ, नागपुरात आत्ता तरी नको.

लोकांना वाटतं, 'चल बर्डीवर' (म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात) म्हटलं की कुत्रा नेऊन सोडतो. रस्ता माणसालाच पाठ असावा लागतो. डावीकडे, उजवीकडे, पुढे हे हुकूम माणूस देतो. खड्डा, खांब, फुटपाथची कड आली की कुत्रा थांबतो नाहीतर वळसा घालतो. सिग्नल त्याला कळत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणसानं ठरवायचं. पण अंगावर गाडी येत असेल तर 'पुढे' म्हटलं तरी तो हलत नाही. असा हुकूम मोडणं त्याला मुद्दाम शिकवतात, आणि मला तरी त्याच्या कामातलं सगळ्यात अवघड तेच वाटतं.

माझी एक लेखिका मैत्रीण अमेरिकेत असते, तिच्याकडे लॅब्राडोर आहे. विमानात तो तिच्या पायाशी, भाषण चालू असताना टेबलाखाली. श्रोत्यांचा पहिला प्रश्न पुस्तकावर नसतोच म्हणे, कुत्र्याचं नाव काय हाच असतो. (ती खरं नाव सांगत नाही. लोक हाका मारतात आणि त्याचं लक्ष उडतं.) पण तिथं ही व्यवस्था जुनी आहे. 'द सीइंग आय' ही गाइड डॉग तयार करणारी शाळा १९२९ साली सुरू झाली. पिल्लू आधी वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढतं, मग काही महिने प्रशिक्षण, मग ज्याला मिळणार त्या माणसासोबत पुन्हा शिकणं. शिवाय तिथल्या १९९० च्या अपंग हक्क कायद्यामुळे हॉटेलवाला किंवा टॅक्सीवाला त्याला दारात अडवू शकत नाही.

आपल्याकडे फुटपाथवर ठेला, ठेल्यापुढे लावलेल्या गाड्या. गल्लीतली मोकाट कुत्री परक्या कुत्र्याला सुखानं जाऊ देतील? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा डांबरावर त्याचे पंजे भाजतील. व्हेरायटी चौकात हॉर्नच इतके की कुठल्या बाजूच्या गाड्या सुटल्या ते कळत नाही, आणि ई-रिक्षा तर आवाज न करताच अंगाशी येते. हा ताप काठीवाल्यालाही आहेच. फरक एवढाच, की काठीला चटके बसत नाहीत.

आणि इथली माणसं विचारतात. "कुठी जाऊन राहिले काका?" मग हात धरून ओढत नेतात. भाच्याला सांगा, आपला दंड धरू द्यायचा नाही, आपणच समोरच्याचं कोपर धरायचं.

मेट्रोत मात्र पायाखाली उठावाच्या पट्ट्या आहेत, सीताबर्डीला गाडी बदलताना त्यांचा उपयोग होतो. कॉलेज मेट्रोजवळ असेल तर खोली त्याच मार्गावर बघा.

पुढेमागे त्याला परदेशात कुत्रा मिळालाच, तरी त्या शाळा एकट्यानं रस्ता काढण्याची सवय आधी मागतात. म्हणून काठी शिकवा. उभी धरल्यावर निदान छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. टोकाला फिरता रोलर असलेलीच घ्या, बारीक टोक आपल्या फुटपाथवरच्या गट्टूंच्या (सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) फटीत अडकतं.